कोल्ड्रिंकवर ४० टक्के, वेफर्सवर ५ टक्के: करामुळे लोकांचं खाणं बदलतं का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आमच्या तालुक्याच्या किराणा संघटनेत पुढच्या आठवड्यात चर्चा ठेवलीय: आरोग्याला अपायकारक मालावर जास्त कर असावा की नसावा? एक गट म्हणतो, तंबाखूसारखाच शेव, वेफर्स, बिस्किटं, कोल्ड्रिंक सगळ्यांवर लावा, शुगरचे पेशंट कमी होतील. दुसरा म्हणतो, गरिबाच्या खिशाला चाट आणि अधिकाऱ्यांना चरायला कुरण. भाषणं नकोत भो, ती आमच्याकडे फुकट होतात. सध्या कशावर किती कर आहे, तो गल्ल्यापर्यंत कसा पोचतो, बाहेर कुठे जमलं, कुठे फसलं आणि आपल्याकडे कुठे गळेल, एवढं नेमकं सांगा.

खातेवही (जळगाव, करसल्लागार)

आधी दर बघा, म्हणजे निम्मा वाद तिथेच मिटेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागले. साखर किंवा कुठलाही गोडवा किंवा स्वाद घातलेलं गॅसचं पेय: ४० टक्के. आधी २८ अधिक १२ टक्के उपकर होता, म्हणजे बोजा तेवढाच. नमकीन, शेव, बटाट्याचे वेफर्स १२ वरून ५. बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून ५. साखर आधीपासून ५ वरच.

आता गंमत बघा. साखरेचा कोला ४० टक्के आणि शुगर-फ्री कोलासुद्धा ४०च. पण गॅस नसलेलं आंब्याचं पेय (जीएसटीत मालाला दिलेला कोड २२०२ ९९ २०, फळाचा गर किंवा रस असलेलं) फक्त ५. साधा गोटी सोडा ५ टक्के, त्यातच कारखान्यात लिंबाचा स्वाद भरला की ४०. म्हणजे हा कर साखरेवर नाही. पेय कुठल्या कोडात बसतं त्यावर लागतो. कुणी त्याला आरोग्य कर म्हणालं तर हे कोड पुढे ठेवा.

गल्ल्यावरचा हिशोब असा. कोल्याची बाटली एमआरपी २० रुपये. २० भागिले १.४० म्हणजे १४ रुपये २९ पैसे माल, ५ रुपये ७१ पैसे कर. दहा रुपयांच्या आंबा पेयात कर ४८ पैसे. तुमचे बरेच सभासद कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या जीएसटी योजनेत असतील. त्यांना खरेदीवरच्या ४० टक्क्यांचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही आणि वर उलाढालीवर १ टक्का स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. दर वाढला की भांडवल अडकतं ते याच दुकानदाराचं, हा मुद्दा बैठकीत जरूर मांडा.

आणखी एक, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. पाच रुपयांच्या पुड्याला पाचच रुपये लागतात, साडेपाच करता येत नाहीत. त्यामुळे कर किमतीत दिसत नाही, वजनात दिसतो. १२ टक्क्यांना पाचच्या पुड्यात ४ रुपये ४६ पैशांचा माल बसायचा, ५ टक्क्यांना ४ रुपये ७६ पैशांचा. कंपनीने सगळा फायदा पुढे दिला तर पुड्यात जवळपास पावणेसात टक्के माल वाढतो. कर कमी झाल्यावर पोराच्या हातात वेफर्स जास्त आले, पैसे तेवढेच. उलट उद्या ४० टक्के लावलाच, तर माल ३ रुपये ५७ पैशांवर येईल, म्हणजे पुडा पाव हिश्श्याने हलका. खाणारा पुडा सोडत नाही, पण पुड्यात कमी पडतं. आरोग्याच्या बाजूने कर मागणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तेच तो मांडत नाहीत.

आहारवही (धुळे)

वरच्या हिशोबाला धरून पुढे. कर टक्क्यावर नको, ग्रॅमवर हवा.

बाटलीमागची चौकट वाचायची सवय लावा. १०० मि.ली. मागे साखर किती ते बघायचं आणि बाटलीच्या मापाने गुणायचं. कोल्यात १०० मि.ली. मागे साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे २५० मि.ली. मध्ये २६ ग्रॅम. आंबा पेयांत बऱ्याचदा १३ ते १५, म्हणजे २०० मि.ली. च्या डब्यात २६ ते ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमलं तर २५ च्या. समजा ग्रॅमला १० पैसे कर लावला: कोल्यावर २ रुपये ६० पैसे, आंबा पेयावर २ रुपये ८० पैसे, शुगर-फ्रीवर शून्य. इथे कारखानदाराला साखर कमी करायचं कारण मिळतं. आज साखर निम्मी केली तरी कर तोच, मग तो कशाला करेल?

ब्रिटनने साधारण हेच केलं, फक्त ग्रॅमऐवजी साखरेच्या टप्प्यांवर. घोषणा मार्च २०१६, अंमल एप्रिल २०१८. सुरुवातीचे दर असे: १०० मि.ली. मध्ये ५ ग्रॅमच्या आत साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ला लिटरमागे १८ पेन्स, ८ च्या वर २४. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी पाककृतीच बदलल्या आणि ५ च्या खाली आल्या. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवावं लागलं नाही. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून लिटरला १ पेसो लावला, किंमत सुमारे १० टक्क्यांनी वाढली. तिथे करपात्र पेयांची खरेदी पहिल्या वर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या वर्षी जवळपास दहा टक्के घटली, आणि घट गरीब घरांत जास्त होती. 'गरिबाच्या खिशाला चाट' म्हणणाऱ्यांना हे उत्तर अर्धं लागू पडतं. गरीब जास्त कमी करतो हे खरं, पण जो कमी करत नाही त्याच्या मिळकतीतला मोठा घास कर खातो, हेही खरंच.

मात्र आपल्याकडची साखर बाटलीपेक्षा चहाच्या कपात जास्त आहे. दोन चमच्यांचा एक चहा म्हणजे १० ग्रॅम, चार कप झाले की ४०. त्याला साखरेवरच्या ५ टक्क्यांपलीकडे कुठलाही कर शिवत नाही. शिवूही नये असं माझं मत आहे. पण मग कोल्ड्रिंकच्या कराने मधुमेह हटेल असं कुणी बोलू नये.

झारा-कढई (भुसावळ)

पेयांपुरतं पटलं. शेव-वेफर्सला हे गणित लावायला गेलात तर फसाल, का ते सांगतो.

कोल्ड्रिंक मोजक्या कारखान्यांतून निघतं, दारावर मीटर लावला की मोजणी झाली. फरसाण गल्लोगल्ली निघतं. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीच लागत नाही. रावेर-यावलकडे केळीचे वेफर्स कढईतून थेट कागदावर आणि कागदावरून पिशवीत जातात. कर वसूल होईल तो छापील पुड्यावर, नोंदणी नसलेल्याच्या सुट्या मालावर नाही. मग गिऱ्हाईक पुड्याकडून सुट्याकडे वळेल, जिथे तेल कोणतं आणि कितव्यांदा तापलेलं हे कुणालाच माहीत नसतं. आरोग्याच्या नावाने उलटा धंदा. केरळने २०१६ मध्ये पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर लावला होता, तोही फक्त ब्रँडेड रेस्टॉरंटांना. शेजारच्या गाड्यावरचं तळण मोकळं. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यातच विरला.

डेन्मार्कने तर ग्रॅमवरच लावला होता. ऑक्टोबर २०११ पासून, २.३ टक्क्यांच्या वर संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असलेल्या पदार्थांवर अशा चरबीच्या किलोमागे १६ क्रोनर. लोणी, चीज, मटण, तेल सगळं त्यात. प्रत्येक मालाची चरबी काढा, नोंदवा, हिशोब ठेवा. छोटे उत्पादक वैतागले, आणि लोक खरेदीला सीमेपलीकडे जर्मनीत जायला लागले. १ जानेवारी २०१३ ला गुंडाळला. आपल्याकडे शेवेत बेसन किती, तेल किती शोषलं, हे पिठाच्या घट्टपणावर आणि तेलाच्या तापावर ठरतं. तेल कोमट असेल तर तोच घाणा जास्त तेल पितो. एकाच दुकानाच्या दोन घाण्यांचा आकडा जुळत नाही, मग कर कुठल्या घाण्यावर आकारणार?

इथे नियम जास्त काम करतो. कारखानी ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीची) मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. गिऱ्हाइकावर वेगळा कर लागला नाही आणि वनस्पती तुपातल्या सगळ्यात वाईट भागाला लगाम बसला. तसंच तळणीच्या तेलाचं: एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. हाताने मोजायचं यंत्र मिळतं, गरम तेलात टोक बुडवलं की आकडा येतो. तेल काळं पडणं, कढईच्या काठाला फेस राहणं, नेहमीपेक्षा लवकर धूर सुटणं, या खुणा दिसल्या की मोजून घ्या. तालुक्याला असं एकेक यंत्र फिरवलं तर ४० टक्क्यांच्या करापेक्षा जास्त पोटं वाचतील.

सातपुडा_पायथा (शिरपूर)

सगळे कोल्ड्रिंकवर अडकलेत. खान्देशात अपायकारक माल म्हणजे आधी तंबाखू आणि दारू.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक मळून-चघळून तंबाखू घेणारे निघाले, ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. तरी कराची सगळी चर्चा सिगारेटच्या लांबीवर. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत तर बिडीचा दर २८ वरून १८ आणि तेंदूपत्त्याचा १८ वरून ५ ठरला. कारण सांगितलं जातं मजुरांचं, आणि ते खोटं नाही. पण सिगारेट महाग आणि बिडी स्वस्त ठेवली तर माणूस सोडत नाही, खाली उतरतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी, आदेश दरवर्षी नवा निघतो. बंदी असलेल्या मालावर सरकारला कर शून्य, आणि पुडी मिळायची तिथे मिळतेच.

दारू जीएसटीच्या बाहेर, राज्याच्या हातात. जून २०२५ मध्ये भारतात बनणाऱ्या, लिटरला २६० रुपयांपर्यंत निर्मितीखर्च असलेल्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या ३ पटीवरून साडेचार पट केलं. आता नकाशा बघा: शिरपूरहून सेंधवा, रावेरहून बऱ्हाणपूर, दोन्ही मध्य प्रदेशात. राज्याराज्यांचे दर वेगळे असले की बाटली स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे वाहणारच. नवापूरला उलटं, पलीकडे गुजरातेत दारूबंदी, म्हणून ओघ तिकडे. शिवाय वरच्या पाड्यांवर मोहाची आहेच, तिला कुठला कर? डेन्मार्कच्या माणसाला जर्मनीत जावं लागलं, आपल्याला नाला ओलांडला की झालं. कोल्ड्रिंकचं तसं नाही, जीएसटीचा दर देशभर एकच, त्यामुळे तिथे सीमेची गळती नाही. कर कुठे चालेल हे ठरवताना हा फरक धरा.

गिरणाकाठ

भरपूर मिळालं, आभार. ठराव करायचा झाला तर शब्द कसे ठेवू? आणि कराचा पैसा दवाखान्यांना जावा असं लिहिलं तर चालेल?

खातेवही

लिहा, पण जीएसटीचा पैसा निम्मा केंद्राच्या, निम्मा राज्याच्या एकत्रित निधीत जातो. ४० म्हणजे २० आणि २०. तिथून तुमच्या ग्रामीण रुग्णालयाला वेगळी वाट नाही. तशी मागणी करायची तर स्वतंत्र उपकर मागावा लागेल.

ठरावात 'अपायकारक पदार्थ' असं मोघम टाकू नका, त्यात उद्या शेवभाजीही बसेल. कोड टाका: २२०२ खालची सगळी गोड पेयं, गॅस असो वा नसो, कर साखरेच्या ग्रॅमवर, १०० मि.ली. ला ५ ग्रॅमच्या आत माफ, मोजणी कारखान्याच्या दारात. फरसाणला कर नको, तेलाची तपासणी हवी. पाककृती बदलायला निदान दोन वर्षं द्या, ब्रिटनसारखी. शेवटचं, तुमच्या कामाचं: दर बदलतो त्या दिवशी रॅकवर जुन्या एमआरपीचा माल असतोच. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा जुन्या मालावर सुधारित किमतीचं स्टिकर लावायला केंद्राने मुदत दिली होती. तशी मुदत ठरावात आधीच मागून ठेवा, नाहीतर वजनमापेवाला आधी तुमच्याच दुकानात येईल.