भूसंपादनाचे दावे ज्यांच्यापुढे चालतात, त्यांची निवड कोणी करावी?

पेडणेकर:
रस्त्यासाठी आमच्या काजूच्या बागायतीतला एक पट्टा सरकारने घेतला, मोबदला ठरवणारा निवाडाही झाला, पण वाढीव मोबदल्याचा दावा अजून चालूच आहे. माझे मत असे आहे की जमीन घेणारे सरकारच असेल, तर त्या वादाचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाच्या निवडीत सरकारचा हात असता कामा नये. संसदेला घटना किती बदलता येते हे ठरवणारा केशवानंद भारती खटला मुळात केरळातील एका मठाच्या जमिनीवरून उभा राहिला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला आणि लगेच, सरकारच्या विरोधात गेलेल्या शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कही काढला. आता कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही असे सांगणारा घटनेचा अनुच्छेद ३००-अ आणि न्यायाधीशाची निर्भीडता, एवढाच आमचा आधार आहे. म्हणून कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांची निवड करणारे ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, टिकले पाहिजे.

फोंड्याचे एक वकील:
आपल्या दाव्याबद्दल मला आस्था आहे, पण निष्कर्ष पटत नाही. १९९३ पासून न्यायाधीशांच्या निवडीत न्यायाधीशांचाच शब्द अखेरचा आहे. त्यातून जमीनमालकाला काय मिळाले ते पाहा. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) मध्ये म्हटले होते की कायदा लागू होण्याच्या पाच वा अधिक वर्षे आधी निवाडा होऊनही ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द समजावे. २०१४ साली पुणे महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मालकाच्या बाजूने वाचले. २०२० साली इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यातला ताबा व मोबदला यांच्यामधला ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचायचा ठरवला, म्हणजे दोन्ही राहिले असतील तरच संपादन रद्द, आणि कितीतरी मालकांच्या हातातला आधार गेला. ही दोन्ही पीठे कॉलेजियमच्याच पसंतीची होती. मग सरकारला दूर ठेवून मालक सुरक्षित कसा झाला?

पेडणेकर:
२०२०च्या निकालाचे दुःख मलाही आहे. परंतु त्याच पद्धतीने आलेल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे सरकारला सर्वांच्या हितासाठी वाटता येईल अशी, मानता येणार नाही. याउलट, कॉलेजियमच्या जागी आणलेल्या आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या न्यायिक नियुक्ती आयोगात कोणतेही दोन सदस्य एखादे नाव अडवू शकत होते आणि कायदामंत्री त्या सहांपैकी एक होते. मला त्याची भीती वाटते.

डिचोलीच्या एक वाचक:
गोव्यात मालमत्तेचा विचार एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नजरेने करून चालणार नाही. १९७५च्या कायद्याने मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, राहत्या घराचा हक्क दिला, तो भाटकाराच्या जमिनीतूनच. माझ्या आजीला त्या घरातून कोणी उठवू शकले नाही, ते त्यामुळेच. न्यायाधीश नेहमी मालकाच्याच बाजूचा हवा, असे मागणे मला मान्य नाही.

फोंड्याचे एक वकील:
बाईंचा मुद्दा रास्त आहे. आयोगाच्या रचनेत दोष होता, हेही मी मान्य करतो. माझी मागणी इतकीच आहे की एखादे नाव का निवडले आणि दुसरे का वगळले, याची कारणे लेखी व जाहीर असावीत. जमीन घेताना सरकारला सार्वजनिक प्रयोजन जाहीर करावे लागते. त्या प्रयोजनाची तपासणी करणारा कसा निवडला गेला, हे मात्र जमीन गमावणाऱ्याला विचारताही येत नाही.