गेट ते बी विंग रस्ता : कोटेशनमधली राख

सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. गेट ते बी विंग काँक्रीट रस्त्याची तीन कोटेशनं आलीत. सगळ्यात कमी रेटवाल्याने ‘पीपीसी सिमेंट, फ्लाय ॲशयुक्त’ असं लिहिलंय. रविवारच्या मीटिंगआधी मतं टाका.

बी-३०२ : फ्लाय ॲश म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली कोळशाची राखच ना? पैसे मोजून कचरा घालून घ्यायचा का?

सी-१०१ : आमच्या माहेरी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची ती. आता दारातच आणा.

ए-१०४ आप्पा : वहिनी, ती मोकळी राख. मी एकलहऱ्याला २९ वर्षं काढली, तुमच्या कपड्यांपेक्षा माझ्या नाकात जास्त गेलीये. सिमेंटमध्ये मात्र तिची गोष्ट वेगळी. सिमेंटला पाणी लागलं की ते घट्ट होताना चुना सोडतं. राखेतली सिलिका तो चुना धरते आणि त्याचाही चिवट गोंद बनवते. कण गोट्यांसारखे गोल, म्हणून माल कमी पाण्यातही सरसर पसरतो. आणि बी-३०२, तुमचं बाथरूम मागच्या वर्षी केलंत ना? पिशवीवर पीपीसी लिहिलेलं असेल तर त्यात १५ ते ३५ टक्के राखच होती.

बी-३०२ : मग ताकद कमी नाही का पडत?

आप्पा : सुरुवातीला हळू चढते, नंतर भरून निघते. घाई करणाऱ्याला तोटा.

डी-४०३ : आप्पा, माझा साडू डंपर चालवतो, पोलाद कारखान्यातली स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, फुकट मिळेल म्हणतो. खाली भरावाला टाकू? सुरतला हजिऱ्यात त्याचाच सहापदरी रस्ता झालाय.

आप्पा : झालाय, २०२२ साली. मुंबई-गोवा हायवेवरही एक किलोमीटरचा तुकडा केलाय. पण तिथे प्रक्रिया केलेली स्लॅग वापरली. ताज्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो, पाणी मुरलं की तो फुगतो. वरचं काँक्रीट पापडासारखं उचलेल. म्हणून ती पाणी मारून महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवतात. साडूंना विचार, ढीग किती दिवसांचा आहे. सांगता आलं नाही तर डंपर गेटबाहेरूनच परत.

डी-४०३ : विचारलं. ‘गरम आहे’ म्हणाला.

आप्पा : 🙏

ए-२०५ : डांबरात पण आता शेतातला कचरा घालतात ना, नागपूरकडे?

आप्पा : लिग्निन, म्हणजे झाडापिकांना ताठ ठेवणारा घटक. नागपूर-मनसर बायपासवर, डिसेंबर २०२४. आपल्याकडे डांबर नाही, तो विषय सोड.

सी-१०१ : गेट किती दिवस बंद राहणार ते सांगा आधी.

आप्पा : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, राखेच्या सिमेंटला १०. कोरड्या उन्हाळ्यात ते १४ करावेत अशी शिफारस. आयएस ४५६ मध्येच, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, लिहिलंय. आणि सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला म्हणजे पाणी मारणं नव्हे. वाफे करून पाणी उभं ठेवायचं, नाहीतर गोणपाट ओलं ठेवायचं. गाडी त्यानंतरच.

बी-३०२ : १४ दिवस?? २६ एप्रिलला मुलीची हळद आहे, मंडपाचा टेम्पो काय डोक्यावरून आणू? आणि पार्किंगचा रॅम्प बघा, झाडला की राखाडी पीठ निघतं. तीच ही राख!

आप्पा : त्या रॅम्पची बिलं माझ्याकडे आहेत. सगळं ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट, चिमूटभर राख नाही. तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही आणि चौथ्या दिवशी तुमचीच गाडी वर चढली.

बी-३०२ : तेव्हा पाऊस येणार होता.

सेक्रेटरी : काम २७ एप्रिलला धरू. १४ दिवस म्हणजे मे महिन्याचा दुसरा आठवडा, पावसाच्या आत होतंय. पीपीसीवाल्याला ‘पाणी मारणं कंत्राटदाराकडे, शेवटचा हप्ता १४ दिवसांनंतर’ असं लेखी द्यायला सांगतो.

आप्पा : हे चांगलं. आणि बोअरचं पाणी पुरेल का ते आधी बघा.

सी-१०१ : गोणपाटं कुठून आणणार? वॉचमन म्हणतो दोनच आहेत, आणि त्यातल्या एकावर कुत्री व्यालीये.