पंचमसाल्याची पुडी घरात पडून आहे? तुम्ही तिचं काय केलंत ते सांगा

भाचा सिंगापूरला असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा हातात एक पुडी ठेवली, ‘मावशी, फाइव्ह स्पाइस आहे, चायनीजमध्ये घाल.’ मी भाबडी. घरच्या फ्राइड राइसमध्ये चांगला चमचाभर घातला. पहिला घास घेऊन सासूबाईंनी विचारलं, ‘खोकल्याचं औषध सांडलं का गं यात?’ तेव्हापासून पुडी फ्रिजच्या दारात, रबरबँड लावून.

परवा पुडीवरची यादी वाचली. चक्रीफूल, बडीशेप, लवंग, दालचिनी आणि सिचुआन मिरी. म्हणजे पाचातले चार जिन्नस तर माझ्याच डब्यात बसलेले! मग हा मसाला एवढा परका का लागतो?

म्हणून हा धागा. पंचमसाला असो, मिरीचं मीठ असो, लाल तेल असो, चिनी पद्धतीचा कुठलाही मसाला घरच्या रोजच्या स्वयंपाकात तुम्ही कसा जिरवलात ते लिहा. फसलेलं आधी लिहा. आणि ‘चवीनुसार’ लिहू नका, चमच्याने सांगा. गाडीवरची शेजवान चटणी इथे नको. ती मुंबईची लेक आहे, तिच्यात सिचुआन मिरी बहुतेक नसतेच.

डोंबिवलीहून

ताई, चूक पुडीची नाही, फ्राइड राइसची. हा मसाला पाच मिनिटांच्या परतण्यात कच्चा राहतो. त्याला रस्सा हवा, वेळ हवा. आपण तरी गोडा मसाला आमटी उकळताना घालतो, ताटात वरून भुरभुरवत नाही.

मी चहाची अंडी करते. चीन-तैवानमध्ये ही अंडी दुकानात गरम पातेल्यात ठेवलेली मिळतात. आठ अंडी आठ मिनिटं उकडायची, मग चमच्याच्या पाठीने टिचकवायची. कवच फुटलं पाहिजे पण सुटता कामा नये. पातेल्यात अंडी बुडतील इतकं पाणी, चार मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा साखर, एक अख्खं चक्रीफूल, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दोन लवंगा, अर्धा चमचा बडीशेप आणि चहा. इथेच मी पहिल्यांदा फसले. आपली चहाची बारीक दाणेदार पावडर दोन चमचे घातली आणि अंडी कडूजहर झाली. आता लांब पानांचा चहा वापरते, नसला तर आपली पावडर जेमतेम एक छोटा चमचा. अर्धा तास मंद आचेवर ठेवून त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सोललं की पांढऱ्यावर संगमरवरासारख्या तपकिरी रेघा. मुलं डब्यात नेतात आणि वर्गात भाव खातात.

पुडी नसली तरी चालतं, अख्खे जिन्नस बरे. नंतर काढून टाकता येतात.

सावंतवाडीहून

त्या पाचव्या जिनसाबद्दल बोलतो, कारण तो आमच्या घरचाच आहे. सिचुआन मिरी ही मिरी नव्हेच. काळ्या मिरीशी तिचं नातं नाही. ती आमच्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, दोघांचं कूळ एक. नेपाळात आणि उत्तराखंडात तिमूर म्हणतात तोही त्याच घरातला. दोन्हीकडे रीतसुद्धा एकच: वापरायची ती साल, आतली काळी बी टाकायची. बी राहिली तर दाताखाली वाळू.

मुंबईच्या सुनेने ऑनलाइन मागवलेली सिचुआन मिरी मी बांगड्याच्या तिखल्यात घालून बघितली. आई बघत होती, म्हणून जरा भीतभीतच. वाईट नाही लागली. पण तिरफळाचा तो उग्र, लिंबाच्या सालीसारखा दणका नाही. ही जास्त सुगंधी, आणि जीभ जास्त बधिर करते. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘तिरफळ संपलां काय?’ विषय संपला.

उलटा प्रयोग मात्र जमला. तिरफळं कोरडी भाजून, बी काढून, कुटून, चाळून पंचमसाल्यात घातली. चार जणांच्या चिकनला दोन तिरफळांची साल पुरे. तीन घातलीत तर कडवट होईल, सांगून ठेवतो.

कोथरूडहून

मी डॉक्टर आहे, शिक्षण चीनमध्ये झालं. सहा वर्षांत तिथल्या घरांमधून हा पंचमसाला रोज वापरलेला मी पाहिला नाही. तो मांस शिजवताना, भाजताना, कधीमधी. हनान प्रांतातल्या एका मित्राच्या घरी तेरा जिनसांचा मसाला असायचा, शीसान्श्यांग. तो डंपलिंगच्या सारणात पडायचा. मी तोच अंदाज खिम्याला लावतो: अर्धा किलोला पाव चमचा, आल्याबरोबर. गरम मसाला त्या दिवशी पूर्ण बंद. दोन्ही एकत्र घातले की दोघेही एकमेकांवर ओरडतात.

पण मला खरी आठवण येते ती हॉस्टेलच्या बाहेरच्या शेगडीची. शिनच्यांगकडचे उइघुर विक्रेते कोळशावर मटणाच्या काड्या भाजायचे आणि वरून मूठभर जिरं-तिखट फेकायचे. पहिल्याच महिन्यात, घर आठवून रडायला यायच्या दिवसांत, तो वास आला आणि मी थबकलो. जिरं! चिनी भाषेत त्याला त्झरान म्हणतात, फारसी झीऱ्याचाच भाऊबंद शब्द. घरी असं करतो: दोन चमचे जिरं भाजून भरड, एक चमचा सुक्या मिरचीची भरड, अर्धा चमचा सिचुआन मिरीची पूड, मीठ. बोनलेस मटणाला फक्त मीठ, कांद्याचा रस आणि तेल लावायचं, हा मसाला शेवटच्या दोन मिनिटांत. आधी लावला तर जिरं जळून कडू होतं. शाकाहारी मंडळींनी उकडलेल्या छोट्या बटाट्यांवर करून बघा. माझी बायको आता मटणापेक्षा तेच मागते.

सावंतवाडीच्या काकांनी जीभ बधिर होण्याचं लिहिलंय. ते तिखटपण नव्हे. सिचुआन मिरीतलं सान्शूल नावाचं द्रव्य स्पर्श कळवणाऱ्या नसांना डिवचतं. लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये माणसांच्या ओठांवर हे मोजलं, तर त्या झिणझिण्या सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतक्या निघाल्या. चिनी लोक या बधिरपणाला ‘मा’ म्हणतात आणि तिखटाला ‘ला’. म्हणून ‘माला’.

कोल्हापूरहून

एवढा उपद्व्याप कशाला? कांदा-लसूण मसाला आहे की घरात.

(तरी कबूल करतो. सिचुआन मिरी आणि जाडं मीठ कोरडं भाजून कुटलं, तळलेल्या शेंगदाण्यांवर टाकलं. पाव किलो शेंगदाणे एका बैठकीत संपले. बाकी सगळ्याला माझा विरोध कायम.)

न्यू जर्सीहून

आमच्याकडे चिनी दुकानात हे सगळं ढिगाने मिळतं, आता. सिचुआन मिरीवर अमेरिकेत 1968 पासून 2005 पर्यंत आयातबंदी होती, लिंबू-संत्र्यांच्या झाडांना होणाऱ्या एका रोगाच्या भीतीने. इथल्या जुन्या मराठी बायका सांगतात की तेव्हा त्या भारतातून तिरफळं आणायच्या आणि विमानतळावर जीव मुठीत धरायच्या.

माझी फजिती लिहिते. हॉटपॉटच्या (टेबलावर उकळत ठेवून खायच्या चिनी रश्श्याच्या) मसाल्याची विटेसारखी वडी मिळते, लालभडक. मी ठरवलं, मिसळीचा कट याचाच करू, तर्री तयारच आहे! पंधरा माणसं जेवायला. कट दिसायला असा देखणा की लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या वाटीला सगळ्यांचे ओठ सुन्न, एक काका पाव चावतायत की ओठ हे त्यांनाच कळेना. ते हसण्यावारी गेलं. पण दुसऱ्या दिवशी वेष्टन नीट वाचलं आणि पोटात गोळा आला. चीनमधल्या छोंगछिंग शहराच्या पद्धतीची ही वडी परंपरेने गाईच्या चरबीत बांधतात. पंधरातले सहा जण शुद्ध शाकाहारी होते. सहाही जणांना फोन करून सांगितलं, आयुष्यातले सगळ्यात लांब सहा फोन. म्हणून कळकळीने सांगते, वेष्टन आधी वाचा. वनस्पती तेलातल्या वड्याही मिळतात.

जमलेलं एक: वांगी. सिचुआनमध्ये ‘यूश्यांग’ म्हणून पद्धत आहे, अर्थ ‘माशाच्या वासाचं’, आणि त्यात मासा अजिबात नाही. मासळीला जे वाटण-मसाले लावतात ते वांग्याला लावायचे, एवढंच. लांब वांगी तळून बाजूला. तेलात एक मोठा चमचा दोउबान (बाकल्याच्या शेंगांचे दाणे आणि मिरच्या आंबवून केलेली लाल चटणी), तेल लाल होईपर्यंत. मग आलं, भरपूर लसूण, एक चमचा साखर, दोन चमचे व्हिनेगर, थोडं पाणी, वांगी, वरून कांद्याची पात. गोड-आंबट-तिखट. आमच्या घरी हे भाकरीबरोबर जातं आणि कुणी तक्रार करत नाही.

नाशिकहून

मी लाल तेलावर लिहिते. ही म्हणजे आपलीच वरून ओतायची फोडणी, फक्त उलटी: आपण फोडणी पदार्थावर ओततो, चिनी लोक गरम तेल मसाल्यावर ओततात आणि ते साठवून ठेवतात.

वाटीभर शेंगदाणा तेलात कांद्याचे दोन तुकडे, आल्याची चकती, एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र. अगदी मंद आचेवर कांदा तपकिरी होईपर्यंत, मग गाळून सगळं काढून टाकायचं. काचेच्या नाही, स्टीलच्या भांड्यात (काचेचं माझं तडकलं) चार चमचे ब्याडगीची भरड, एक चमचा तीळ, पाव चमचा मीठ. लवंगी मिरची नको. रंग आणि वास हवा, आग नको. आता तेल किती गरम? माझी पहिली खेप जळून काळी झाली होती. मी तिळाचा एक दाणा टाकून बघते. लगेच फुगून वर आला पण करपला नाही, की गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. मग तीन वेळा थोडं थोडं ओतायचं आणि दर वेळी ढवळायचं. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं.

कशावर घालते? मुगाच्या धिरड्यावर. काकडीच्या कोशिंबिरीवर, दही न घालता, थोडं व्हिनेगर आणि दाण्याचं कूट घालून. आणि गरम पिठल्यावर. माझे वडील जळगावचे, पिठल्याच्या बाबतीत कडक. त्यांनी बाटली घरी नेली.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचून काल दोन गोष्टी केल्या. डोंबिवलीच्या ताईंची अंडी, लांब पानांचा चहा घालून. रेघा आल्या! आणि उरलेल्या पुडीतला चिमूटभर, खरंच चिमूटभर, लाल भोपळ्याच्या भाजीत, गुळाबरोबर, झाकण ठेवून शिजवताना. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. मी काही बोलले नाही.

पुडी संपत आली. आता घरीच दळणार: तीन चक्रीफुलं, दोन चमचे बडीशेप, दोन पेरं दालचिनी, सहा लवंगा आणि पाचवा जिन्नस. सावंतवाडीचे काका, तिरफळं पाठवाल का थोडी?

सावंतवाडीहून

पाठवतो. बिया तुम्हीच काढा.