घरून काम म्हणजे पगारी सुट्टी? मला हे अजिबात मान्य नाही

कळंबा रोडकर:
शहराच्या ग्रुपवर परवा एका गृहस्थांनी लिहिलं, "घरून काम म्हणजे पगारी सुट्टी. शाहू स्टेडियमवर चारची फुटबॉल मॅच असली की गॅलरीत निम्मे लॅपटॉपवाले." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून सविस्तर लिहितोय.

पुण्यातल्या कंपनीचं डेटाबेसचं काम मी २०२० च्या लॉकडाऊनपासून कोल्हापुरातून करतोय. चारच्या मॅचला मी जातो, कारण त्या दिवशी सकाळी सहाला बसून अवघड काम उरकलेलं असतं. सकाळी डोकं जेवढं चालतं तेवढं दुपारी चालत नाही. पुण्यात ती सकाळ ट्रॅफिकमध्ये जायची.

खरी अडचण वेगळीच आहे. स्क्रीनकडं बघत बसलेला माणूस घरच्यांना रिकामाच वाटतो. आई गवारीची पाटी घेऊन शेजारी येते, "तुझं चालू दे, मी नुसतं बसतो हितं" म्हणते, आणि शेंगा मोडता मोडता पावण्यातलं लग्न काढते. तेवढ्यात क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञेचा, धागा हातून सुटतो, तो परत सापडेपर्यंत अर्धा तास जातो. उपाय एकच, कडी लागणारं दार. मी माळ्यावरची खोली रिकामी केली. आता दार लागलं की मी घरात नाही, असं सगळ्यांनी धरायचं. राहिले कामचुकार. टीम्स या ऑफिसच्या ॲपवर 'हजर' दाखवणारा हिरवा ठिपका टिकवायला नुसता माउस हलवणारे ऑफिसातही काही करत नव्हते.

शिरोलीचा फौंड्रीवाला:
तुमचं जमतंय, चांगलं आहे. पण त्यावरनं सगळ्यांचं ठरवू नका. लोखंड घरून ओतता येत नाही, ते सोडा. ड्रॉइंग तरी घरून होईल म्हणून एका हुशार पोराला परवानगी दिली. स्क्रीनवर मॉडेल देखणं. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, कापून बघितलं तर जाड जागी पोकळी. रायझर, म्हणजे धातू थिजून आकसताना जादा रस पुरवणारा साच्यातला कप्पा, भलत्याच जागी. तो शॉपवर असता तर आमच्या साचे करणाऱ्या जुन्या मोल्डरनं पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, बघताक्षणी सांगितलं असतं, "हितं धातू शेवटाला थिजणार, हितं रायझर पायजे." हे फोन करून कोण विचारतंय? काम उरकणं वेगळं, शिकणं वेगळं. नवी पोरं घरात बसून फक्त उरकायला शिकतात.

हिशेबी:
एका पोरावरनं निष्कर्ष नको. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी कंपनीत ९ महिने प्रयोग केला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कॉल सेंटरचे लोक आठवड्यातले ४ दिवस घरून, १ दिवस ऑफिसात. काम १३ टक्क्यांनी वाढलं. आणि भाग घ्यायची अटच होती की घरी कामाची स्वतंत्र खोली हवी. म्हणजे कळंबा रोडकरांचं दार!

शिरोलीचा फौंड्रीवाला:
पुढचं का गाळलं? त्याच प्रयोगात घरून चांगलं काम करणाऱ्यांना कामाच्या मानानं बढत्या कमी मिळाल्या. नंतर बरेच जण एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. आणि फोन किती घेतले ते मोजता येतं. कास्टिंग का वाया गेलं ते कुठल्या रकान्यात मांडणार?

हिशेबी:
परतले, बरोबर. पण ज्याला जे मानवतं ते निवडू दिल्यावर फायदा २२ टक्क्यांपर्यंत गेला, तेही लिहा की.

राजारामपुरीतली:
दार लावून काय होतंय? डॉल्बी भिंतीतनं आत येतो. माझा क्लायंट अमेरिकेतला, कॉल संध्याकाळी साडेसातनंतर. गणपती आगमनाच्या मिरवणुकीला खिडकीच्या काचा थरथरतात, टेबलावरच्या तांब्यात पाणी हलताना दिसतं. मी बोलायचं तेव्हा माइक बंद ठेवून चॅटवर उत्तरं टाइप करते. आधी सासरच्यांना पटवा की हे काम आहे, मग गल्लीला पटवा. असल्यात कुठली उत्पादकता?

तालमीचा:
आली गाडी मंडळावर! २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडला, गल्ल्यांत पाणी शिरलं, तवा माणसं बाहेर काढायला कोण होतं? तालमीचीच पोरं. आता वर्षातनं चार दिवस पोरं नाचली तर कानाला बोचतंय व्हय? एवढी शांतता पायजे तर पुण्याला जावा.

राजारामपुरीतली:
पुण्याला जा म्हणणारे तुम्ही कोण? माझं माहेर-सासर दोन्ही याच गावात आहे. माझ्या मामाला तालमीच्या पोरांनीच होडीतनं काढलं, ते उपकार आम्ही विसरणार नाही. म्हणून डॉल्बी सहन करायचा हा कुठला न्याय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद. रात्री बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना. आणि चार दिवस कसले? आगमन, विसर्जन, जयंत्या, टीम जिंकली की मिरवणूक, वर नेत्यांचे वाढदिवस.

शिरोलीचा फौंड्रीवाला:
यात मी ताईंच्या बाजूनं. आमच्या वडिलांना हृदयाचा त्रास, मिरवणुकीच्या रात्री त्यांना पाहुण्यांकडं नेऊन ठेवावं लागतं.

तालमीचा:
वाढदिवसाच्या डॉल्बीला माझाबी विरोध हाय. हलगी-घुमकं वाजवा, लेझीम खेळा, कोण नको म्हणतंय? पुण्याला जावा म्हटलं तेवढं मागं घेतो. खरं विसर्जनाला काय बोलू नका. कॉल असला तर मंडळात येऊन वेळ सांगा, गाडी तुमच्या दारात थांबू देत न्हाय.

राजारामपुरीतली:
येते. अध्यक्षांसमोर हेच बोला म्हणजे झालं.

कळंबा रोडकर:
डॉल्बीला वेगळा धागा काढा, लोकहो. फौंड्रीवाले, नव्या पोरांचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. सुरुवातीला मीही सिनियरच्या शेजारी खुर्ची ओढूनच शिकलो. पण शिकून तयार झालेल्या माणसाला त्याच खुर्चीत का बांधून ठेवायचं?

शिरोलीचा फौंड्रीवाला:
बांधून ठेवत नाही. पॅटर्न तयार झाला की त्यानं शॉपवर यायचं, पहिलं कास्टिंग कापताना समोर उभं राहायचं. बाकीचं ड्रॉइंग घरून करावं की रंकाळ्यावर बसून, मी विचारणार नाही. पण ग्रुपवरचे ते गृहस्थ अगदीच खोटं बोलले असंही मी म्हणणार नाही. पगारी सुट्टी काढणारे माझ्याकडं होऊन गेलेत.