मदत हवी आहे: मुऱ्हा म्हशीचे फोटो एडिट केलेले वाटतात, इसार देण्याआधी काय काय बघावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगोला तालुक्यातले. गोठ्यात पंढरपुरी म्हशी आहेत, उन्हाला आणि कमी चाऱ्याला काटक, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. दूध वाढवायचं म्हणून यंदा डाळिंबाच्या पैशातून एक मुऱ्हा आणायचं घरात ठरलंय. भावजींनी मोबाइलवर हरियाणातल्या हिसारकडचा एक विक्रेता शोधला. दुसऱ्या वेताची म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, दिवसाला अठरा लिटर, किंमत एक लाख चाळीस हजार. निम्मे पैसे आजच पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं तो म्हणतो. भावजी पाठवायला निघालेच होते, मी थांबवलंय.

कारण फोटो मोठे करून बघितले. मागून काढलेल्या फोटोत कास दणदणीत दिसते, पण तिच्या मागचा लोखंडी पाइप नेमका कासेजवळ बाहेर वाकलाय आणि पुढे परत सरळ झालाय. गव्हाणीच्या विटांची ओळही तिथेच फुगलीय. कास ताणून मोठी केली तर मागचंही ताणलं जाणार ना? मुऱ्हा काळीभोर असते हे मान्य, पण इथे दावं धरलेल्या माणसाची बोटंसुद्धा काळी पडलीत. फोटोत शिंग जिलेबीसारखं घट्ट वळलेलं आणि व्हिडिओत तेच शिंग सैल. कानाची लव स्वच्छ दिसते, पण पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर तेवढा पुसट.

एडिट न करताही फसवतात हे ऐकून आहे. एक-दोन धारा चुकवून कास भरवतात, अंगाला तेल चोळतात, दुसरीचंच रेडकू शेजारी बांधून ताजी व्यालेली म्हणून दाखवतात. याच्या व्हिडिओत फेसाळ दुधाची भरलेली बादली आहे, पण सुरुवातीला ती रिकामी दाखवलेलीच नाही. मी व्हिडिओ कॉलवर धार काढून दाखवा आणि बिल्ल्याचा बारा आकडी नंबर सांगा म्हटलं, तर गोठ्यात रेंज नाही म्हणाला. फोटो मात्र धडाधड येतायत.

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, नंबर मिळाला तर ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर त्या जनावराची नोंद बघता येते. माझा प्रश्न असा की तिकडच्या नोंदींत वय, लसीकरण आणि वेत खरंच भरलेलं असतं का? कुणी नंबरावरून म्हैस पडताळून घेतली असेल तर नक्की काय दिसलं ते सांगा.

भावजी स्वतः जाऊन यायला तयार आहेत. पहिली धार पूर्ण काढून कास रिकामी करायची, ती मोजायची नाही, आणि पुढच्या 24 तासांतलं दूध समोर मोजायचं, एवढं त्यांना सांगितलंय. दातही बघतील. पण दगडी (कासेचा दाह) आणि ब्रुसेलोसिस (जनावर गाभडवणारा संसर्गजन्य रोग) यांची तपासणी गाडीत भरण्याआधी तिथे कोण करून देतं? हिसारला केंद्रीय म्हैस संशोधन संस्था आहे, तिथून खात्रीच्या पशुपालकांची माहिती मिळते का? रोहतक-जींदच्या बाजूने कुणी म्हैस आणली असेल तर दलाल न घेता जमलं का?

दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून आलेली व्यालेली म्हैस पटली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तिचेही हाल आणि आमचेही. म्हणून इथेच विचारतेय. आणि सौदा झालाच तर पावतीवर बिल्ला नंबर, वेत, दिवसाचं दूध लिहून घेतलं आणि घरी निम्मंच निघालं, तर त्या कागदावर पैसे परत मिळाल्याचा कुणाचा अनुभव आहे का? भावजींचं तिकीट शनिवारचं आहे, त्याआधी कळवलंत तर फार उपकार होतील.