सलग सात सामने हरल्यावर भारतीय हॉकी संघाचे कोच क्रेग फुल्टन यांना ठेवायचं की बदलायचं? (जून 2025)

सानपाडाकर
आपल्या पुरुष हॉकी संघाचा जून 2025चा युरोप दौरा एकदाचा आटोपला. प्रो लीग या आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धेतले सात सामने आपण ओळीने हरलो आणि शेवटचा, बेल्जियमविरुद्धचा, 4-3 असा जिंकून नऊ संघांत आठवे आलो. खाली फक्त आयर्लंड, आणि ते लीगमधून बाहेर गेले. फेब्रुवारीत भुवनेश्वरला आठपैकी पाच सामने जिंकणारा संघ तो हाच. 29 ऑगस्टपासून राजगीरला आशिया चषक आहे, आणि तो जिंकला तर 2026च्या विश्वचषकात थेट प्रवेश.

माझं मत: हॉकी इंडियाने कोच आत्ताच बदलावा. 14 जूनचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना मी शेवटपर्यंत पाहिला. अभिषेकने दोन गोल मारून दिले, 2-0 आघाडी. तिथून आपली माणसं मागे मागे सरकत गेली. पुढे जाऊन चेंडू अडवायला कोणी तयार नाही. चेंडू मिळाला की लांब फटका, आणि तो परत त्यांच्याच स्टिकवर. अखेरच्या मिनिटाला तिसरा गोल खाल्ला आणि 2-3. त्याआधी नेदरलँड्सविरुद्ध 1-1 असताना 58व्या मिनिटाला गोल. फुल्टन यांचं सूत्रच आहे, आधी बचाव भक्कम करा, मग जिंका. तो बचावच शेवटच्या पाच मिनिटांत फुटत असेल तर जबाबदार कोण? पुढे आपला माजी गोली श्रीजेशला आणा. त्याच्या हाताखाली ज्युनियर संघाने गेल्या डिसेंबरमध्ये मस्कतला पाकिस्तानला 5-3 हरवून आशिया चषक जिंकलाय.

राइट हाफ, कोपरी
दादा, तळमळ कळते, पण निकाल नीट मांडा. 1-2, 2-3, 3-4, 1-2, 2-3, 2-3 आणि मग 3-6. सातपैकी सहा सामने एका गोलने गेले. समोर नेदरलँड्स म्हणजे ऑलिंपिक विजेते, शिवाय अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम. त्यात कर्णधार हरमनप्रीतचं बोट दुखावलं आणि तो मध्येच बाहेर बसला. आपला मुख्य ड्रॅगफ्लिकर, म्हणजे शॉर्ट कॉर्नरवर गोल मारणारा, नसताना एका गोलचा फरक म्हणजे संघ कोसळला असं मी तरी म्हणणार नाही.

ज्या माणसाला काढायला निघालात त्याच्या नावावर हांगझोचं आशियाई सुवर्ण आहे, पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आहे. पॅरिसला ग्रेट ब्रिटनविरुद्ध 17व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना दहा जणांनी खेळून शूटआऊटवर जिंकला. तो बचाव कोणी शिकवला होता? आणि श्रीजेशला हात लावू नका. डिसेंबरात चेन्नई-मदुराईला ज्युनियर विश्वचषक आहे, ती पोरं त्याच्या भरवशावर आहेत. एक घर सावरायला दुसरं उघडं पाडायचं का?

लेफ्ट विंग, घणसोली
मी विद्यापीठाकडून खेळलेय आणि माझं मत सानपाडाकरांच्या बाजूने आहे. स्पर्धा तोंडावर असताना कोच बदलू नये, हे ऐकून ऐकून कान किटले. 2017 आठवा. सप्टेंबरच्या सुरुवातीला रोलांट ओल्टमन्सना काढलं, आठवड्याभरात महिला संघाकडून श्योर्ड मारिन यांना आणलं, आणि ऑक्टोबरात ढाक्याला आपण आशिया चषक जिंकलो, अंतिम सामन्यात मलेशियाला 2-1 हरवून. तीच स्पर्धा, हाताशी जेमतेम महिना-दीड महिना.

दुसरं उदाहरण तर स्वतः फुल्टन. जानेवारी 2023मध्ये घरच्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून शूटआऊटवर हरलो. टोकियोत 41 वर्षांनी पदक मिळवून देणारे ग्रॅहम रीड राजीनामा देऊन गेले आणि फुल्टन आले. तेव्हाही सगळे म्हणत होते, आता संपलं. ऑक्टोबरात हांगझोला सुवर्ण. नवा माणूस आला की अंतिम अकरात कोण हे पुन्हा नव्याने ठरतं. माझी जागा पक्की आहे असं ज्याला वाटतं तो परत धावू लागतो. ड्रेसिंग रूममध्ये हे मी अनुभवलंय.

राइट हाफ, कोपरी
ताई, ढाक्याचं बरोबर. पण पुढचं पान उलटा ना. तेच मारिन एप्रिल 2018मध्ये राष्ट्रकुलातून रिकाम्या हाताने परतले, चौथे. मे महिन्यात त्यांना परत महिला संघाकडे पाठवलं आणि हरेंद्र सिंग आले. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत मलेशियाकडून हरून कांस्यावर समाधान, म्हणजे टोकियोचा थेट प्रवेश हुकला. घरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत बाहेर, आणि जानेवारी 2019मध्ये हरेंद्रही गेले. सप्टेंबर 2017 ते एप्रिल 2019, ओल्टमन्स, मारिन, हरेंद्र, रीड. दोन वर्षांच्या आत चार माणसं! 2015मध्ये तर पॉल व्हॅन ॲस सहा महिनेही टिकले नव्हते. रीडना सलग वेळ मिळाला तेव्हा कुठे टोकियोचं पदक दिसलं.

आणि रीड गेल्यावर फुल्टनना पहिल्या मोठ्या स्पर्धेआधी तीन-चार महिने मिळाले होते. इथे दोन आहेत, तेही पावसाळी शिबिराचे.

शाळेचा कोच, कळवा
दोघंही गोलपोस्टसमोर काय चाललंय ते सोडून बोलताय. मी पोरांना मातीच्या मैदानावर शिकवतो, टर्फ हवं तर चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम गाठावं लागतं. तिथे गेलो की पहिला तास मी शॉर्ट कॉर्नरच्या बचावालाच देतो, कारण मातीवर तो शिकवताच येत नाही, चेंडू वेडावाकडा उसळतो.

शॉर्ट कॉर्नर म्हणजे समोरचा संघ गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलून गोलवर मारतो ती संधी. त्याला बचावात गोली धरून पाच जण. मास्क चढवायचा, गुडघ्याला पॅड बांधायचे, गोलरेषेमागे उभं राहायचं. चेंडू ढकलला की पहिला रशर थेट फ्लिकरच्या अंगावर धावतो. तो गोलची एक बाजू आपल्या अंगाने झाकतो, दुसरी बाजू गोलीची. कोणी कुठली बाजू घ्यायची हे गोली आधी सांगतो, आणि रशरने डोळे झाकून त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो. त्या धावण्यात कचरलात की संपलं. श्रीजेश 2006पासून पॅरिसपर्यंत तिथे उभा होता. पहिला रशर रोहिदासला त्याचा आवाज पाठ होता. आता कृष्ण पाठक आणि आपला मुंबईचा सूरज करकेरा आलटूनपालटून उभे राहतात. दोघंही गुणी. सूरजला खेळताना पाहिलं की ऊर भरून येतो. पण गोली बदलला की मागची सगळी बोलीच बदलते. शेवटच्या मिनिटांत पाय थकलेले असतात, तेव्हा खेळाडू विचार करत नाही, ओळखीच्या आवाजावर हलतो. तो आवाजच ठरलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं, कोच राहू दे, पण राजगीरला एकच गोली ठरवा आणि चौथ्या क्वार्टरला त्याला हलवू नका. हा निर्णय फुल्टन यांचा आहे आणि तो त्यांनी अजून घेतलेला नाही, एवढा दोष मी त्यांना देतो.

ऐरोलीचे काका
2004ला अथेन्सच्या तोंडावर राजिंदर सिंगना काढून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आणले होते. धनराजची शेवटची ऑलिंपिक. पोरांना नव्या माणसाची भाषा कळेपर्यंत स्पर्धा संपली, सातवे आलो. तेव्हा जे वाटलं ते पुन्हा बघायची इच्छा नाही. फुल्टनना राहू द्या.

लेफ्ट विंग, घणसोली
काका, अथेन्सची जखम खरी आहे. पण सर, तुमचाच मुद्दा घेते. श्रीजेश निवृत्त होणार हे पॅरिसच्या आधीच जाहीर होतं. जवळपास वर्ष गेलं, अजून पहिला गोली ठरत नाही. याला वेळ कमी पडला असं कसं म्हणायचं? माझं मत कायम आहे.

सानपाडाकर
गोलीचा मुद्दा मला पटला, आणि लेफ्ट विंगताईंनी त्यावर विचारलेला प्रश्नही. रोलिंग सब्जची, म्हणजे खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची, मोकळीक असताना 2-0 पुढे असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत इतका दमलेला का दिसतो, हेही कोणीतरी सांगायला हवं. शेवटच्या सामन्यात बेल्जियमला हरवलं म्हणून हे प्रश्न गुंडाळून ठेवू नका. हॉकी इंडियाने फुल्टनना समोर बसवून सातही सामन्यांचे चौथे क्वार्टर दाखवावेत, उत्तर मागावं, आणि ते आपल्यालाही कळू द्यावं. ते उत्तर मिळणार नसेल तर मी आजही बदला असंच म्हणेन, राजगीर दोन महिन्यांवर असलं तरी.

राइट हाफ, कोपरी
उत्तर मागायला माझी ना नाही. पण ते ऐकून घेण्याआधी माणूस घरी पाठवायचा, याला मी शेवटपर्यंत विरोध करणार. राजगीरचे सामने कोपरीला माझ्याकडे बघायला या सगळे, भांडण पुढे चालू ठेवू.