बी विंग ग्रुप: गच्चीच्या पाण्याचा हिशोब

म्हेत्रे काकू: काल रात्री एवढा पाऊस, गच्चीचं सगळं पाणी पाइपातून धो धो रस्त्यावर. आणि सकाळी आपण टँकरवाल्याला फोन लावतोय. सेक्रेटरींनी खुलासा करावा 🙏

बिराजदार (सेक्रेटरी): काकू, मागच्या मीटिंगला हाच विषय होता. कोरम झाला नाही. असो.

हिरेमठ: टँकरचे पैसे कुणी दिले नाहीत? यादी टाका.

अमोल ४०२: रेनवॉटरचं काम करणारा म्हणतोय, वर्षभर टँकर लागणार नाही.

पाटील सर: कसलं वर्षभर! गच्ची ४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. सोलापूरला वर्षाला ५५० मिमी धरा, झाले २,२०,००० लिटर. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडायचं, थोडं वाया जातं, म्हणून ८० टक्केच धरा. १,७६,०००.

अमोल ४०२: मग भरपूर की ओ सर!

पाटील सर: ९६ माणसं, माणशी रोज १३५ लिटर. साडेतेरा दिवस!

शेख भाभी: १३५ कोण वापरतं इथे? नळ कधी येतो ते सगळ्यांना माहितीये. ४०२ ची गाडी मात्र रोज आंघोळ करते.

अमोल ४०२: भाभी, ओल्या फडक्यानं पुसतो फक्त.

म्हेत्रे काकू: फडक्याला नळी जोडलीय वाटतं 😄

हिरेमठ: यादी टाका.

पाटील सर: फक्त संडास, धुणं, फरशीला वापरलं, माणशी ४५, तर ४० दिवस निघतात. पण कागदावर. सप्टेंबरात दोन दिवसांत १०० मिमी कोसळला तर ३२,००० लिटर येणार. टाकी २०,००० ची. आणि ३५० मिमीचं वर्ष आलं तर सगळं मिळून १,१२,०००. त्यामुळे टाकी भरल्यावर उरलेलं बोअरजवळ मुरवा. उन्हाळ्यात उजनीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा बरं.

हिरेमठ: बोअर ए विंगच्या भिंतीला लागून आहे. खर्च आपला, पाणी त्यांच्या पंपाला?

बिराजदार (सेक्रेटरी): बोअर दोन्ही विंगचा आहे हो, हिरेमठ साहेब.

हिरेमठ: पंपाचं लाइट बिल कुणाच्या मीटरवर येतं ते सांगा मग. आणि यादी.

बिराजदार (सेक्रेटरी): रविवारी ११ वाजता, गच्चीवर. ए विंगलाही बोलावतो.

म्हेत्रे काकू: खुर्च्या कोण आणणार?